दवाखान्यामागची खोली

कागलच्या पुढं, सीमेच्या अंगाला एक लहानसं गाव आहे. नगरपालिका आहे म्हणून शहर म्हणायचं, एरवी बाजारपेठेतून निघालं की बघता बघता उसाचे फड लागतात. तिथला पालिकेचा दवाखाना दुरुस्त करायचं टेंडर आम्ही भरलं आणि ते आम्हाला लागलं. आम्ही म्हणजे खरं तर मी एकटीच. ठेकेदारी वडिलांची. मी डिप्लोमा करून त्यांच्या हाताखाली शिकले, आणि त्यांचे गुडघे गेल्यापासून साइटवर मीच असते. ते कोल्हापुरात घरी बसून फोनवर चौकशी करतात. शाळांची गळकी छपरं, अंगणवाड्या, पंचायतीची सभागृहं अशी सरकारी इमारतींच्या डागडुजीची कामं आम्ही वर्षानुवर्षं करत आलोय.

दवाखान्याची इमारत जुनी पण दणकट होती. छपराचं वॉटरप्रूफिंग, आतबाहेर नवा गिलावा, फरशी, संडास, वायरिंग, रंग असं काम होतं. शिवाय मागच्या आवारात एक कौलारू खोली होती. नकाशात तिच्यापुढं ‘वापरात नाही’ असं लिहिलेलं होतं. तिचं छप्पर काढून स्लॅब टाकायचा आणि लसीकरणाची खोली करायची, असं ठरलेलं होतं.

मोजमापाला मी आणि पालिकेचे कनिष्ठ अभियंता गेलो. पंचविशीतला पोरगा, कामाला नवा, बोलायला गोड. पुढची इमारत मोजून आम्ही मागं गेलो तर वापरात नसलेल्या त्या खोलीच्या दाराला साडीचा पडदा होता. उंबऱ्याशी तेलाच्या डब्यात तुळस लावलेली आणि आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. अभियंत्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. तेवढ्यात पडदा बाजूला करून एक म्हातारी बाहेर आली. कपाळावर विभूतीची पट्टी, हाताला पीठ.

“कोण पावणं? भाईर का हुबारलाय, आत या की.”

आम्ही आत गेलो. मी टेप सोडला, त्याचं एक टोक अभियंत्यानं धरलं. भिंती बघता बघता माझ्या तोंडून सवयीनं प्रश्न गेला. कुठल्याही इमारतीत गेले की मी हाच पहिला प्रश्न विचारते.

“अव्वा, गळतंय कुठं कुठं?”

मी त्यांना अव्वा म्हटलं ते आपसूक. आमच्या आजोळीही आईला अव्वाच म्हणतात. म्हातारीचा चेहरा एकदम उजळला. तिनं मला कोपरा अन् कोपरा दाखवला. चुलीवरच्या कौलातनं पाणी येतं, खिडकीच्या वर येतं, मागच्या पावसात अंथरूण उचलून पेटीवर ठेवायला लागलं. मी मान डोलवत होते आणि भिंतीवर खडूनं खुणा करत होते.

बाहेर आल्यावर अभियंत्यानं हळू आवाजात सगळं सांगितलं. अव्वांचे मालक दवाखान्यात रखवालदार होते. ते वारले त्याला बरीच वर्षं झाली. खोली सोडा असं त्यांना कुणी म्हटलं नाही, आणि त्यांनी सोडली नाही. कागदावर खोली रिकामी. आमचे वरचे साहेब बघून घेतील, तुम्ही पुढच्या इमारतीपासून सुरुवात करा मॅडम, असं तो म्हणाला. मी बरं म्हटलं. ते मला फार सोपं वाटलं, हे आता आठवतं.

काम सुरू झालं. अव्वा पहिल्या दिवसापासून आमच्यातल्याच एक झाल्या. गवंड्यांना प्यायला पाणी त्यांच्या घागरीचं. सिमेंटची पोती झाकायला त्यांनी स्वतःची ताडपत्री दिली. दुपारच्या वेळी साइटवर कुणी नसलं तर त्या पायरीवर बसून राखण करायच्या. माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी फडक्यात बांधून ठेवायच्या. सीमेकडच्या रीतीप्रमाणं मला अक्का म्हणायच्या, मी त्यांच्या मुलीच्या वयाची असूनही, आणि अक्का म्हणत म्हणत अरे-तुरे करायच्या.

गिलावा झाला की भिंतीवर आठवडाभर पाणी मारावं लागतं, नाहीतर तडे जातात. या कामाला माणूस मिळत नाही. ठेवला तर टिकत नाही, एकदा पाइप फिरवला की झाडाखाली जाऊन बसतो. मी मिस्त्रींवर त्यावरून ओरडत होते ते अव्वांनी ऐकलं.

“मी मारतो की पानी,” त्या म्हणाल्या. आमच्याकडच्या जुन्या बायका बोलतात तसंच त्या बोलायच्या, येतो, जातो, करतो. “मला कुटं जायाचं हाय?”

त्यांना मजुरी देऊ केली तर त्यांनी हात झटकला. मीही फार आग्रह केला नाही. सकाळी मी कोल्हापूरहून पोचायचे तेव्हा भिंती ओल्या गच्च असायच्या, आणि अव्वा पदर खोचून पाइप गुंडाळत असायच्या. इतकं चांगलं पाणी मारलेला गिलावा मी फार कमी कामांवर बघितलाय.

मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. सांगायचं काम माझं नाही, पालिकेचं आहे, असं मी स्वतःला समजावलेलं होतं. पालिकेतून कुणीतरी येईल, नोटीस देईल, बोलेल. कुणी आलं नाही. अभियंता दर फेरीला म्हणायचा, साहेबांच्या कानावर घातलंय.

मग एक दिवस मी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानात पाण्याची बाटली घ्यायला थांबले. दुकानदारीणबाईनं बाटली देता देता विचारलं, “अव्वाच्या खोलीला लादी कंची घालनार हायसा? पांढरी नगा घालू, म्हातारीला पुसायचं हुईत न्हाय.”

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग तिनं सगळं सांगितलं. अव्वांनी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. कोल्हापूरची ठेकेदारीणबाई आली, आल्या आल्या तिनं विचारलं कुठं गळतंय, सगळं लिहून घेतलं. इतक्या वर्षात कुणी विचारलं नव्हतं. पुढचं झालं की माझी खोली करणार हाय.

मी बाटली घेऊन गाडीत जाऊन बसले. साइटवर गेले नाही. ज्या प्रश्नाला माझ्या लेखी काही किंमत नव्हती त्यावर त्या बाईनं पुढचं आयुष्य उभं केलं होतं. आणि रोज पाणी मारत होती, माझी भाकरी बांधत होती. मला वाटलं होतं तिला माझा लळा लागलाय. लळा होताच, पण त्याच्या मागं हे होतं.

त्याच दिवशी मी पालिकेत गेले. मुख्याधिकारी बाई होत्या, माझ्यापेक्षा लहान, कामाला चोख. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, लसीकरणाच्या दिवशी कधी दवाखान्यात आलाय का तुम्ही? बाळंतिणी ओसरीवर उन्हात रांगेत उभ्या असतात. लसीचा फ्रिज औषधांच्या खोलीत दाटीवाटीत ठेवलाय. ती खोली मला लागते.

मी विचारलं, पुढच्या बाजूला जुन्या कागदांची खोली आहे, ती मोकळी करून तिथं नाही का करता येणार? त्या म्हणाल्या, येईल की. पण मग नकाशा बदलणार, अंदाजपत्रक बदलणार, पुन्हा तांत्रिक मंजुरी. मार्चच्या आत झालं नाही तर निधी परत जाणार आणि तुमचं काम आहे तिथं थांबणार. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, “तुम्ही लेखी देता का? तुम्ही थांबायला तयार असाल तर मी प्रयत्न करते.”

त्या खरंच थांबल्या होत्या उत्तरासाठी. माझ्या डोळ्यांपुढं पुढच्या कामावर नेऊन ठेवायची माणसं आली, स्लॅबसाठी भाड्यानं आणलेलं सेंट्रिंगचं सामान आलं, वडिलांचा फोन आला. मी म्हणाले, नाही, तेवढं करायला नको, मी फक्त विचारून बघितलं. त्यांनी मान हलवली. निदान अव्वांची दुसरीकडं सोय होईल असं बघा, असं मी उठता उठता म्हटलं. त्या म्हणाल्या, मी घरकुलाच्या यादीसाठी बघते, पण वेळ लागेल. आणि त्यांना सांगायला मी माणूस पाठवते.

मी म्हणाले, मी सांगते.

त्यातही फार मोठेपणा नव्हता. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर अव्वा माझ्याकडं धावत आल्या असत्या, अक्का हे काय म्हणत्यात बघ, म्हणून. ते मला सोसलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पुढच्या भिंतीवर पाणी मारत होत्या. मी म्हटलं, अव्वा, जरा बसूया. पायरीवर बसलो. मी सरळ सांगितलं. ही खोली दवाखान्याला हवी आहे, इथं बाळांना लस देणार आहेत, तुम्हाला दुसरीकडं जावं लागेल. गळतं का म्हणून मी विचारलं ते माझ्या कामापुरतं होतं. तुमचा तसा समज झाला हे मला काल कळलं.

त्यांनी पाइप हातात तसाच धरला होता. पाणी त्यांच्या पायावरून वाहत होतं.

“तुला कवापासनं म्हाईत हाय?” त्यांनी विचारलं.

“पहिल्या दिवसापासून.”

“टेप धरलंतीस तवा?”

“हो.”

मला वाटलं रडतील, किंवा शिव्या घालतील. आमच्याकडच्या म्हाताऱ्या घालतात, आणि त्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या उठल्या आणि राहिलेल्या भिंतीवर पाणी मारायला लागल्या. मी म्हटलं, अव्वा, राहू द्या, मी माणूस लावते. त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे मॅडम. तुमी तुमचं काम करा.”

तोवर त्यांनी मला कधी मॅडम म्हटलं नव्हतं, तुम्ही तर नव्हतंच. त्या शब्दावर मिस्त्रींनीसुद्धा वर बघितलं.

गिलाव्याचे दिवस पुरे होईपर्यंत त्या पाणी मारत राहिल्या. का मारलं, मला सांगता येत नाही. मला टोचायला मारलं असं वाटण्याइतकं मन माझं तेव्हा कोतं झालं होतं. आता तसं वाटत नाही. हातात घेतलेलं काम अर्धं सोडायची त्यांना सवय नसावी, इतकंच. भाकरी मात्र बंद झाली.

त्यांची एकुलती मुलगी हातकणंगल्याला दिलेली. जावई सूतगिरणीत. मी दुकानदारीणबाईकडून मुलीचा नंबर घेतला आणि फोन केला. ती भांडणार या तयारीनं मी बोलत होते. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, “ताई, रविवारी टेंपो घिऊन येतो आमी.”

रविवारी ती आली, बरोबर नवरा. ठसठशीत बाई, आईसारखीच कपाळावर पट्टी. सामान फारसं नव्हतंच. पेटी, भांडी, जुना पंखा, मालकांचा फोटो, तुळशीचा डबा. आमच्या माणसांनी उचलून दिलं. अव्वा टेंपोत पुढं जाऊन बसल्या, कुणाकडं बघितलं नाही. मी एका बाजूला उभी होते. मुलगी सरळ माझ्याकडं आली, आणि मी मनात म्हटलं, आता.

तिनं पिशवीतून कुंकवाचा करंडा काढला. मला कुंकू लावलं, ओटीत खण आणि नारळ घातला.

“लई उपकार झालं ताई तुमचं,” ती म्हणाली. “किती वर्सं म्हनतोय, अव्वा, एकटी ऱ्हाऊ नगो, आमच्यात ये. ह्या खोलीतनं जीव सुटंना झालता तिचा. तुमी ही खोली काढलासा म्हनून ती यायला लागली.”

पदर पुढं धरून उभी होते. मागं आमची माणसं बघत होती. ती बाई मनापासून बोलत होती, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला कुठं सांगू की तुझ्या आईला मी भाकरी खाऊन फसवलंय? नारळ हातात घेऊन मी गाडीपर्यंत आले. तो नारळ घरी नेला नाही. वाटेत एका देवळात ठेवला आणि निघून आले.

खोलीचं काम उरकलं. कौलं उतरवली, स्लॅब पडला, खाली लादी, भिंतींना फिकट निळा रंग. पाणी मारायला आम्ही एक माणूस ठेवला आणि स्लॅबच्या एका कडेला बारीक तडे गेलेच, ते परत भरून घ्यावे लागले. लोकार्पणाला मला शाल आणि श्रीफळ दिलं. मुख्याधिकारी बाईंनी भाषणात वेळेत काम झाल्याचा उल्लेख केला. कार्यक्रम संपल्यावर त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, लसीकरणाच्या दिवशी एकदा या.

मी गेले. पंख्याखाली बाकावर बायका बसल्या होत्या, मांडीवर बाळं. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत गारवा होता. नर्सबाईंनी मला हौसेनं फ्रिज दाखवला, हात धुवायचं बेसिन दाखवलं. एक बाळ सुई टोचल्यावर ओरडलं आणि लगेच आईच्या खांद्यावर गप्प झालं. ही खोली वाईट कामाला गेली असती, कुणा पुढाऱ्याच्या भाच्याच्या ऑफिसला वगैरे, तर मला कुणावर तरी चिडता आलं असतं. इथं चिडायला कुणीच नव्हतं. मी तिथं पाच-दहा मिनिटं बसले आणि नर्सबाईंचा चहा न घेता निघाले.

पुढं श्रावणात हातकणंगल्याकडं एका शाळेच्या कामाला गेले होते, तेव्हा धीर करून अव्वांच्या मुलीकडं गेले. दोन खोल्यांचं घर, माणसं भरपूर. नातवंडं टीव्हीपुढं, जावई रात्रपाळी करून झोपलेला. अव्वा मागच्या दारी शेंगा फोडत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी पाट सरकवला. चांगल्या दिसत होत्या, अंगावर थोडं मांसही चढलं होतं. मुलगी चहा ठेवायला आत गेली.

मी विचारलं, करमतंय का? म्हणाल्या, करमतंय की, पोरं हायत. मग शेंगा फोडता फोडता सांगू लागल्या. इथं सगळे वेळेवर जेवायला वाढतात. मुलगी काही करू देत नाही. गल्लीत ओळखीचं कुणी नाही. तिकडं सकाळी दवाखान्यात येणारा प्रत्येक माणूस हाक मारून जायचा. कुणाला नंबर लावून द्यायचा, कुणाचं पोर धरायचं, कुणाला सांगायचं की डॉक्टर आज यायचे नाहीत. इथं दार उघडलं की समोर भिंत.

हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. मला मात्र तेव्हा कळलं की मी त्यांचं फक्त छप्पर काढलेलं नव्हतं.

निघताना मी म्हटलं, अव्वा, माझ्याकडून झालं ते चुकलंच. त्यांनी शेंगांची टरफलं सुपात गोळा केली.

“तुमी सांगायला पायजे हुतं आदी,” त्या म्हणाल्या. “मी गेलो असतो. पन गल्लीत सांगून बसलोतो, त्येची लाज वाटली.”

त्यांना घर गेल्याचं जेवढं लागलं होतं, त्याहून जास्त हे लागलं होतं. दुकानदारीणबाई, शेजारणी, सगळ्यांशी त्यांचं अगदी लादी कुठली घालायची इथपर्यंत बोलणं झालं होतं. टेंपोत बसताना कुणाकडं बघितलं नाही ते त्यामुळं.

मी विचारलं, एकदा घेऊन जाऊ का तिकडं? त्यांनी टरफलांचं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, दवाखान्याच्या वाटंनं नको.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी त्यांना गाडीतून घेऊन गेले. मागच्या रस्त्यानं गावात शिरलो. दुकानापाशी उतरल्या, पदर डोक्यावर घेतला आणि आत गेल्या. मी गाडीतच थांबले, आत जायची मला हिंमत नव्हती. थोड्या वेळानं आतून हसण्याचे आवाज आले, मग शेजारच्या दोघी-तिघी धावत आल्या. बराच वेळ तो गलका चालला होता. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात कुणीतरी दिलेल्या गवारीच्या शेंगा होत्या. मला म्हणाल्या, त्या दुकानवालीचा गुडघा दुखतोय, कोल्हापुरात चांगला डॉक्टर असला तर सांगा. बाकी काही नाही. परतीला कागल मागं पडेपर्यंत त्या झोपून गेल्या होत्या.

त्यानंतर मी त्यांना बाजाराच्या दिवशी घेऊन जायचे, जमेल तसं. त्यांची मुलगी म्हणते, ताई, तुमी लई करता. मी गाडी सुरू करते. घरकुलाच्या यादीत नाव लागलंय का, म्हणून पालिकेत मी विचारत असते. मुख्याधिकारी बाईंची बदली झाली. नव्या साहेबांना पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. त्यांनीही ऐकून घेतलं.

मध्यंतरी वडिलांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, तू कायद्यानं काहीच चुकीचं केलं नाहीस. मी म्हटलं, माहीत आहे. मग आम्ही दोघंही बातम्या बघत बसलो.

गेल्या दोन बाजारांना मला जायला जमलं नाही. एका शाळेचं छप्पर उघडं पडलंय, पाऊस तोंडावर आहे. अव्वांच्या मुलीला फोन करून मी तसं कळवलं. ती म्हणाली, असू दे ताई, काम हाय तुमचं. मागून अव्वा विचारत होत्या, कोण हाय, काय म्हनत्यात. तिनं सांगितलं, या बाजाराला न्हाय येत त्या. मी फोन ठेवला आणि छपराच्या कामावर गेले.